न विरघळणारी तार

आमच्या कारखान्यात लोखंडाला अब्रू मिळते. म्हणजे त्यावर निकेल चढतं. नळ, दारांच्या मुठी, सायकलींची हँडलं, दवाखान्यातल्या खाटांचे कठडे, सगळं येतं तेव्हा रडक्या तोंडाचं असतं आणि जाताना त्यात बघून भांग पाडावा असं होऊन जातं. नवरा गेल्यापासून कारभार माझ्याकडे आहे. टाक्यांकडे मुलगा बघतो आणि मुलाकडे मी बघते. माझ्याकडे बघायची कुणाची छाती नाही, असं आमचे चिरंजीव म्हणतात, पण तेसुद्धा पाठ फिरवून.

सून शिकलेली आहे. ते बघूनच केली होती, पण इतकी शिकलेली असेल असं वाटलं नव्हतं. कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात पाणी फोडते. तिथली प्रयोगशाळा दहा जणांत वाटलेली, हिच्या वाट्याला टेबलाचा एक कोपरा. म्हणून लग्नानंतर तिने माझ्याकडे कारखान्यामागची खोली मागितली, जिथे आम्ही ॲसिडचे रिकामे कॅन ठेवायचो. मी म्हटलं, घे. कॅन काय, छपराखालीही उभे राहतात.

पाणी फोडायचं म्हणजे काय, हे तिने मला एकदा चहा पिता पिता सांगितलं. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन अशी दोघं संसार करून असतात. हायड्रोजन वेगळा काढला तर तो इंधन म्हणून जाळता येतो आणि जळून पुन्हा पाणीच होतं, धूर नाही की काजळी नाही. पाण्यात वीज सोडली की दोघं वेगळी होतात, पण घट्ट संसार असल्यामुळे वीज फार खातात. मध्ये कुणी तरी असलं की काम झटपट होतं. ते कुणी तरी म्हणजे प्लॅटिनम. ते दोघांना तोडतं आणि स्वतः जसंच्या तसं राहतं.

"म्हणजे आमच्या वन्सं," मी म्हटलं.

सुनेला ठसका लागला. वन्सं म्हणजे माझी नणंद. दोन गल्ल्या सोडून राहते, तिच्या यजमानांचं सराफी दुकान आहे. कुणाच्याही घरात काडी टाकावी आणि आपण नामानिराळं राहावं, यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

"आई, त्याला उत्प्रेरक म्हणतात."

"तुम्ही म्हणा. आमच्यात नणंद म्हणतात."

पण प्लॅटिनम म्हणजे सोन्याच्या पंक्तीला बसणारी वस्तू. साऱ्या जगाची यंत्रं त्यावर चालवायची तर ते पुरणार कुठून? म्हणून सुनेचा खटाटोप असा, की प्लॅटिनमचं काम साध्या धातूकडून करून घ्यायचं. तिने निवडलं होतं निकेल. त्यात आणखी एका धातूची चिमूट टाकायची. त्याचं नाव मॉलिब्डेनम. ते माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी त्याला 'धाकटं' म्हणते. निकेल म्हटल्यावर मात्र माझी मान ताठ झाली. निकेल म्हणजे आमच्या घरचं. ज्याने आजवर नळ चमकवले ते आता जगाच्या चुली पेटवणार, हे मी त्याच आठवड्यात चार ठिकाणी सांगून टाकलं.

तिचा संसार छोटा होता. काचेच्या भांड्यात कडक कॉस्टिक सोड्याचं पाणी. त्यात एका बाजूला बोटाच्या पेराएवढा निकेलच्या जाळीचा तुकडा, त्यावर तिने चढवलेला काळपट थर. हायड्रोजनचे बुडबुडे यायचे ते त्या पट्टीवरून. वर एक काचेची नळी उलटी धरलेली, तिच्यावर रेघा. वायू जमला की नळीतलं पाणी रेघ रेघ खाली सरकायचं. पाणी किती लवकर सरकतं त्यावर पट्टीची लायकी ठरायची. आणि समोरच्या बाजूला, वीज पुरी फिरावी म्हणून, पेन्सिलीच्या शिशासारखी एक काळी कांडी.

"हे काय गं?"

"कार्बन आहे, आई. समोर काहीतरी लागतंच."

"काहीतरी म्हणून जळकं लाकूड? त्याचा भुगा पडून पाणी बघ कसं गढुळलंय. उद्या कुणी बघायला आलं तर म्हणेल, एवढ्या प्लेटिंगवाल्यांची सून आणि चुलीतलं कोलीत लावून बसलीय."

मी घरात गेले आणि डबी घेऊन आले. डबीत कापूस, कापसात प्लॅटिनमची तार. आमच्या ह्यांनी उमेदीच्या काळात घेतली होती. टाकीतल्या पाण्याची परीक्षा करायला ते ती वापरायचे. ॲसिडात घाला, कॉस्टिकात घाला, तशीच्या तशी. ते म्हणायचे, जगात दोनच वस्तू कशात विरघळत नाहीत, एक ही तार आणि दुसरा तुझा हट्ट.

सून तारेकडे बघत राहिली. "आई, ही नको. म्हणजे, कॉलेजात लावतात समोर प्लॅटिनम, पण…"

"पण काय? माझ्या नवऱ्याची आहे. लाव."

तिने लावली.

तिच्या डोक्यावर टांगती तलवार होती, ते इथेच सांगते. कॉलेजने तिला बजावलं होतं, की तुमच्या पट्टीची बाहेर कुणाला तरी गरज आहे असं या सत्राच्या शेवटापर्यंत दाखवा, नाहीतर हे संशोधन बंद करा आणि पूर्णवेळ वर्गावर जा. तिने पाणी फोडायची यंत्रं बनवणाऱ्या कितीतरी ठिकाणी पत्रं टाकली होती. कुठूनही 'हो' नव्हतं आणि 'नाही' म्हणायचीही कुणी तसदी घेतली नव्हती.

तार लागली आणि दैव फिरलं. पट्टी पहिल्या दिवशी बरी चालली, दुसऱ्या दिवशी आणखी बरी, आणि मग रोज थोडी पुढे. कारखान्याचे दिवे लागले की सून वीज चालू करायची, बंद होताना बंद करायची, आणि रोज सकाळी पट्टी कालच्यापेक्षा चलाख. बुडबुडे असे उठायचे की दूध उतू जातंय वाटावं. सुनेने आकडे पाठवले आणि यंत्रांच्या एका कारखान्यातून एका बाईंचं उत्तर आलं, शुक्रवारी येते, स्वतः बघते.

मग काय विचारता. मी वन्संकडे मुद्दाम गेले.

"वन्सं, तुमच्या दुकानातल्या प्लॅटिनमला आता फुलदाणीत ठेवा. आमच्या सुनेच्या निकेलने त्याची खुर्ची काढून घेतली."

"असं का? मग खुर्चीवर बसवून मिरवणूक काढा, वहिनी. बाजाला मी माणसं पाठवते."

मी तेही हसून घेतलं. जिंकलेल्या माणसाला हसणं परवडतं.

त्या आठवड्यात सुरुवातीलाच एकदा आम्ही तिघं कारखान्यातच जेवायला बसलो होतो. सुनेचा घास हातातच.

"ही पट्टी रोज सुधारतेय," ती म्हणाली.

"मग नवस फेड," मुलगा म्हणाला.

"काम करून वस्तू झिजते, थकते. ही दिवसेंदिवस तरतरीत होतेय. का?"

"चांगल्या घरात पडलीय म्हणून," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिने मान वळवून बाहेर टाक्यांकडे बघितलं. तिकडे नेहमीचंच चाललं होतं. एका दांडीला निकेलचे गोळे टांगलेले, दुसऱ्या दांडीला नळ. वीज सुरू. गोळे झिजतात, नळांवर चढतात. इकडचं तिकडे जातं, आणि त्यावरच आमची दोन पिढ्यांची भाकरी.

"तुमच्या टाकीत होतं तेच," ती म्हणाली. "आई, ती तार झिजतेय. आणि माझ्या पट्टीवर चढतेय."

धातू पाण्यातून प्रवास करतो हे ज्या घरात पाळण्यातल्या पोरालाही कळतं, त्या घरात तिघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

"पण ती विरघळत नाही," मी म्हटलं. "हे म्हणायचे."

"फारशी विरघळत नाही, आई. पण थोडीशीही पुरते. विरजण किती लागतं?"

"तुला हे आधी माहीत नव्हतं?"

"वाचलं होतं. लोक फसलेत यात. कार्बन म्हणूनच लावला होता."

"मग बोलली का नाहीस?"

ती ताटाकडे बघून म्हणाली, "तुम्ही म्हणालात, माझ्या नवऱ्याची आहे, लाव. त्याच्यापुढे मी काय बोलणार होते? वाटलं, इतकं थोडं जाईल की कळणारही नाही."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी सासू आहे, माझं बोलणं मोडू नये असं मला वाटतं, आणि तिने मोडलं नव्हतं. आता बसा.

खात्री करायची तर तार तोलायला हवी. आमचा काटा पोत्यांचा. इतकं बारीक तोलणारा काटा एकाच घरात, जिथे मी खुर्ची काढून घेऊन आले होते. मुलगा म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, मिरवायला मी गेले होते, तर आताही मीच जाईन.

"या वहिनी," वन्सं दुकानातच होत्या. "मिरवणुकीचं आमंत्रण वाटतं?"

"तार तोलायचीय."

"दादाची?" त्या ताडकन उठल्या. "विकायला काढलीत?"

"तुमच्या दादाची वस्तू मी विकेन? तोंडाला काही कुलूपबिलूप? नुसती तोलायचीय. तिचं आधीचं वजन…"

वन्संना ते तोंडपाठ होतं. स्वतःचा वाढदिवस विसरतील, पण भावाच्या पश्चात वहिनीकडे काय काय राहिलं, हे त्यांना वजनासकट पाठ आहे. यजमानांनी तार पुसली, काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवली, श्वास धरला. पुन्हा पुसली, पुन्हा ठेवली. काटा तेच सांगत राहिला. फक्त शेवटचा आकडा कमी होता, पण कमी होता.

"कुणी कापली?"

"कुणी नाही. पाण्यात गेली."

"वहिनी, मी काय दुधखुळी आहे? प्लॅटिनम कधी पाण्यात गेलंय?"

मग मला बोलावंच लागलं. "मी म्हणाले होते ना, सुनेची पट्टी प्लॅटिनमच्या तोडीस तोड चालते. ती तशी चालत होती, कारण तिच्यावर प्लॅटिनमच बसलं होतं. तुमच्या दादाच्या तारेतलं."

मी तयारीत होते. आयुष्यभर ज्याची वाट बघावी असा मोका वन्संना ताटात वाढून मिळाला होता.

"पोरगी रडली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग ठीक आहे. नाक तिचं नाही गेलं, तुमचं गेलंय. तुमचं उगवतं परत."

कारखान्यात परत आले तर सुनेने नवी पट्टी केली होती. समोर यावेळी ना कार्बन ना तार. मुलाने टाकीतलं निकेलचं एक झिजलेलं थोटूक घासूनपुसून दिलं होतं, ते टांगलं होतं. निकेल तिथून इकडे आलं तरी निकेलवर निकेलच, चोरी कसली? बुडबुडे येत होते. पण उतू जाणारं दूध कुठे आणि हे कुठे. मंद आचेवर ठेवलेलं पाणी जसं, तसं. नळीतलं पाणी एक रेघ सरकायला वेळ लागत होता. आम्ही तिघं उभे राहून ते बघत होतो.

शेवटी चिरंजीव म्हणाले, "त्या बाई येऊन जाऊ देत. तार लावून दाखव. एकदा तुझं काम पुढे सरकलं की मागाहून सुधारता येईल. नाहीतर तू गेलीस वर्गावर."

"वा," मी म्हटलं. "गंजावर निकेल चढवणारा ह्या घरात आजवर जन्मला नव्हता. मला वाटतं, मीच जन्माला घातला."

त्याचे कान लाल झाले. आमच्याकडे वस्तू आधी घासतात, मग ॲसिडात बुडवतात, मग धुतात, तेव्हा कुठे टाकीत जाते. गंज आत ठेवून वरून निकेल दिलं तर त्या दिवशी कुणाला कळत नाही, आरशासारखं दिसतं. पुढे पापुद्रे सुटतात. हे त्याला मी शिकवलेलं नाही, बापाने शिकवलंय, म्हणून तो एका वाक्यात गप्प झाला.

"आई, पण त्या बघून परत जातील," सून म्हणाली.

"जाऊ देत. आल्या तो रस्ता आहेच की."

बोलले खरी. ती घरात निघून गेल्यावर मी बराच वेळ ती ॲसिडच्या कॅनांची जुनी खोली बघत बसले, आणि तिचं टेबल उचलून तिथे पुन्हा कॅन ठेवायची वेळ आली तर ते कुणाला सांगू, याचा विचार करत होते. मला स्वतःला ते जमलं नसतं.

शुक्रवारी बाई आल्या. किडकिडीत, खांद्याला पिशवी, पायात धुळीचे बूट. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, भांड्यापुढे उकिडव्याच बसल्या. सुनेने दोन भांडी शेजारी शेजारी मांडली होती. चहा यायच्या आधीच तिने सांगितलं.

"मी पाठवलेले आकडे ह्या डावीकडच्या पट्टीचे. तिच्यावर समोरच्या तारेतलं प्लॅटिनम चढलंय. आकडे खरे आहेत, पण ते माझ्या पट्टीचे नाहीत. उजवीकडची माझी. ती सावकाश चालते. चूक माझी."

"तार माझी," मी म्हटलं. हे असं मध्येच बोलायचं नसतं, पण माझी तार आणि चूक तिची, असा हिशेब माझ्या घरात चालत नाही.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग तारेकडे. "तुमची?"

"नवऱ्याची. विरघळत नाही म्हणायचे. माणूस चांगला होता, पण चुकायचा."

बाई हसल्या. मग डाव्या भांड्याकडे त्यांनी पाठच फिरवली. उजवीकडची पट्टी वीज तोडून बघितली, पुन्हा जोडून बघितली, परत तोडली, परत जोडली. सुनेला विचारलं, "ही सुधारतेय का?"

"नाही."

"बिघडतेय का?"

"लावल्यापासून आहे तशीच."

"मग मी थांबते," बाई म्हणाल्या, आणि खरंच दिवसभर थांबल्या. आमच्याबरोबर जेवल्या. अधूनमधून जाऊन नळीतलं पाणी बघायच्या. ते त्याच चालीने सरकत होतं, बैल मोटेला लावावा तसं. सुनेचा जीव टांगणीला आणि बाई निवांत.

उन्हं कलली तेव्हा त्या पाय मोकळे करायला टाक्यांकडे गेल्या. मुलगा साखळीवरून खाटेचा एक अख्खा कठडा टाकीबाहेर काढत होता. पाणी निथळलं आणि चकाकी उघडी पडली. बाई थबकल्या.

"सगळीकडे सारखं बसतं?"

"कडा-कोपऱ्यांवर जास्त बसायला बघतं," मुलगा म्हणाला. "म्हणून कोपऱ्यांसमोर आडोसा धरतो, आणि मधल्या भागासमोर गोळे जवळ घेतो. सवयीने येतं."

"जाळीवर जमेल? एवढ्या मोठ्या?"

"निकेल काय, कशावरही बसेल."

"निकेल नाही. यांचा थर." त्यांनी सुनेकडे बोट दाखवलं.

मुलाने बायकोकडे बघितलं. बायकोने नवऱ्याकडे. एका छपराखाली, एका भिंतीच्या दोन बाजूंना, एक पेराएवढं करत होती आणि दुसरा खाटेएवढं करत होता, आणि लग्न झाल्यापासून त्या भिंतीत दार आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी तर दाराशीच खुर्ची टाकून बसते.

"धाकटं नीट विरघळवून घ्यावं लागेल," मुलगा हळूच म्हणाला.

"काय?" बाईंनी विचारलं.

"मॉलिब्डेनम," सून म्हणाली. "आमच्या घरात त्याला तसं म्हणतात."

निघताना बाई बुटांच्या नाड्या बांधत बोलल्या. "पेराएवढ्या वेगवान पट्ट्या माझ्या टेबलावर ढीगभर पडल्यात. मोठ्या करायला गेलं की एकही उभी राहत नाही, आणि निम्म्यांवर कुणाची ना कुणाची तार चढलेली निघते. तुमची सावकाश आहे. ती दाराएवढी करून पाठवा. सकाळी चालते तशी संध्याकाळी चालली तर पुढचं बोलू. हो म्हणत नाही मी."

"नाहीही म्हणत नाही," मी म्हटलं.

"नाहीही म्हणत नाही. कॉलेजला तसं कळवते."

कॉलेजला तेवढं पुरलं. सुनेचं टेबल होतं तिथेच आहे. कोपऱ्यातली एक जुनी टाकी मुलाने तिच्यासाठी धुऊन दिली. पहिली मोठी जाळी काढली ती कडेला जाड काळी आणि मध्ये पांढरी, गालफुगी आल्यासारखी. दुसऱ्या वेळी दोघांचं आडोसा कुठे धरायचा यावरून जोरदार भांडण झालं. मी खुर्चीवरून ऐकलं. इतकं छान भांडण त्या दोघांचं पूर्वी कधी झालं नव्हतं.

तार मी धुतली, कापसात ठेवली आणि वन्संकडे घेऊन गेले.

"घ्या. तुमच्या दादाची आहे. आमच्याकडे तिला आता काम नाही."

वन्सं गडबडल्या. इतकी वर्षं जिच्यावर डोळा ठेवला ती वस्तू अशी न मागता हातात आली की माणसाला संशय येतो. "आणि जे झिजून गेलं ते?"

"ते सुनेच्या पहिल्या पट्टीवर आहे. पट्टी मी कपाटात ठेवलीय. राहिलेलं तुमच्या दादाचं, ते तुमचं. गेलेलं माझ्या नवऱ्याचं, ते माझं."

वन्संनी पदराने डोळे टिपले. मग तार डबीत ठेवायच्या आधी काट्यावर ठेवून पुन्हा एकदा तोलली.